दीड हजार रुपये कुणाचे?

१४ ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रातल्या बायकांच्या मोबाइलवर तीन हजार रुपये जमा झाल्याचे मेसेज येऊ लागले. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे दोन हप्ते एकदम, रक्षाबंधनाच्या तोंडावर. थोड्याच दिवसांत दुसऱ्या तऱ्हेच्या बातम्या यायला लागल्या. पैसे आले खरे, पण खात्यात कमी दिसतात. कुणाच्या खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून साठलेला दंड बँकेनं वळता करून घेतला, कुणाचं जुनं कर्ज थकलं होतं त्यात रक्कम गेली. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी या पैशांतून कपात करू नका असं बँकांना बजावलं. निवडणुका जवळ होत्या, त्यामुळे त्यावर थोडं राजकारण झालं, आणि मग बातमी संपली.

त्या बातमीतला जो प्रश्न मला खरा वाटतो तो मात्र तसाच राहिला. बँकेनं यात नेमकं चूक काय केलं? हे मी उपरोधानं विचारत नाहीये. दंडाचा दर बँकेच्या दरपत्रकात छापलेला होता. खातं उघडताना ग्राहकानं सही केली होती. कर्ज खरोखर घेतलेलं होतं. म्हणजे कागदावर सगळं ‘अधिकृत’. तरीही बातमी वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला, त्यात योजनेवर टीका करणारेही आले, हे बरोबर झालं नाही असंच वाटलं. कायद्यात बसणारी गोष्ट इतक्या लोकांना एकदम अन्यायाची वाटते, तेव्हा एक तर लोकांची समजूत कच्ची असते, नाहीतर कायद्यातून काहीतरी निसटलेलं असतं. इथे मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे आधी हे घडतं कसं ते सांगतो, कारण नैतिक प्रश्न त्या यंत्रणेच्या पोटातच लपलेला आहे.

सरकारी लाभाचा पैसा हल्ली बहुतेक वेळा खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक तक्ता आहे. कुठला आधार क्रमांक कुठल्या बँकेशी जोडलेला आहे, एवढंच त्यात असतं. एका आधारला त्यात एकच बँक, आणि बहुतेकदा ती सगळ्यांत शेवटी जोडलेली असते. आता लालबाग-परळमधल्या एखाद्या बाईची खाती आठवून बघा. एक जनधनचं, २०१४ नंतर कधीतरी उघडलेलं. एक जिथे कामाला होती त्या मालकानं पगारासाठी उघडून दिलेलं. एक मुलीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी शाळेनं सांगितलं म्हणून. यांतलं कुठलं त्या तक्त्यात बसलंय हे तिला ठाऊक नसतं. अनेकींचे पैसे त्या ऑगस्टमध्ये भलत्याच, विसरलेल्या खात्यात गेले. जनधनला किमान शिल्लक लागत नाही, पण पगाराचं खातं पगार थांबला की साधं बचत खातं होतं आणि त्याला लागते.

रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१४ मध्ये नियम केला की किमान शिल्लक नसल्याचा दंड लावून खातं उणे करायचं नाही. चांगला नियम आहे. पण खातं शून्यावर थांबवून उरलेला दंड ‘येणे’ म्हणून बाजूला मांडून ठेवला, की नियमही पाळला जातो आणि वसुलीही राहते. मग चार वर्षांनी त्या खात्यात कुठूनतरी पैसा आला की दिवसअखेरीची प्रक्रिया चालते, येणं दिसतं, जमा दिसते, वजाबाकी होते. रात्री दोन वाजता. कुणीही जागं नसताना.

मराठीत आपण याला ‘पैसे कट झाले’ म्हणतो. कुणी कट केले हे सांगायची सोय या वाक्यात नाही. ‘पैसे कापले गेले’ म्हटलं तरी कर्ता गायब. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, लालबागच्या एका चाळीत राहतात, दादरला हिंदू कॉलनीत दोन घरी स्वयंपाक करतात. त्यांच्याबरोबर मी एकदा शाखेत गेलो होतो. काउंटरवरचा माणूस अजिबात उद्धट नव्हता. त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. “सिस्टीमनं घेतलेत, मावशी. माझ्या हातात नाही.” तो खरं बोलत होता, त्याच्या हातात खरोखर नव्हतं. मावशींनी विचारलं, “मग कुणाच्या हातात आहे?” त्यावर तो माझ्याकडे बघून हसला, जणू मी त्याच्या बाजूचा आहे.

हा प्रश्न मुंबईच्या याच भागात यापूर्वीही विचारला गेला होता, आणि त्याला फार तपशिलात उत्तर मिळालं होतं. ते उत्तर आपण विसरलो आहोत.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारी बागेत गिरणी कामगारांची सभा झाली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती भरवली होती. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तिथून निघालं. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना माहीत आहे, शाळेच्या पुस्तकात असते. त्याच निवेदनात आणखी एक साधी मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. म्हणजे काम केलेलं आहे, पैसे ठरलेले आहेत, प्रश्न फक्त ते हातात पडण्याचा आहे.

हातात पडण्याआधी त्यांचं बरंच काही व्हायचं. उशिरा आलं की दंड. गैरहजेरीचा दंड, आणि तोही बुडालेल्या दिवसाच्या पगाराहून जास्त. कापड बिघडलं तर ते विणकराच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. मग त्यानं ते कुठेतरी विकून जमेल तेवढं वसूल करावं. जॉबरची दस्तुरी वेगळी, ती कुठल्याच कागदावर नसायची. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर व्याजानं पैसे देणारे, त्यांत पठाण सावकारांची ख्याती मोठी, काठी घेऊन उभे असत. कामगार बाहेर पडला की तिथल्या तिथे वसुली.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं, म्हणजे कामगारांविषयीच्या शाही आयोगानं, १९३१ च्या अहवालात या फाटकाबाहेरच्या वसुलीची दखल घेतली. कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा गराडा घालणं हा फौजदारी गुन्हा करावा अशी शिफारस केली. कर्ज खोटं आहे असं आयोग म्हणत नव्हता. पगार हातात पडणं आणि तो घरी पोचणं यांच्यामध्ये माणसाला चालायला थोडं अंतर मिळालं पाहिजे, एवढंच त्यामागे होतं. आजच्या सावकाराला काठी घेऊन फाटकाशी उभं राहावं लागत नाही, तो खात्याच्या आतच बसलेला आहे. पैसा बाईच्या हातात पडण्याआधी त्याला दिसतो.

पुढे १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. मी तो या निमित्तानं पहिल्यांदा नीट वाचला आणि चकित झालो. दंडाबद्दलचं आठवं कलम सॉफ्टवेअरच्या चांगल्या स्पेसिफिकेशनसारखं आहे. कुठल्या चुकीला दंड करणार ते आधी सरकारकडून मंजूर करून घ्यायचं आणि कामाच्या जागी लावायचं. दंड करण्यापूर्वी कामगाराला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यायची. एकूण दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण ३ टक्के. ६० दिवसांत वसूल झाला नाही तर सोडून द्यायचा. हप्त्यांनी घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: वसूल झालेला दंड मालकाच्या खिशात जाणार नाही. त्याची नोंद वेगळ्या वहीत होईल आणि तो पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च होईल.

शेवटची अट ज्यानं कुणी लिहिली त्याला माणसाचा स्वभाव चांगला कळत होता. दंड आकारणारा आणि दंडाचा पैसा खाणारा एकच असला की दंड हा धंदा होतो. हे ९० वर्षांपूर्वी परळच्या गिरणीमालकाबाबत ठरून गेलं. नव्या वेतन संहितेतही या तरतुदी आल्या आहेत. आता बँकेचा दंड यांपैकी प्रत्येक अटीवर घासून बघा. म्हणणं मांडायची संधी? महिन्याभराची सूचना द्यायची असा नियम आहे, ती एसएमएसवर येते, बदललेल्या नंबरावर. ६० दिवसांची मुदत? येणं वर्षानुवर्षं राहतं. मिळकतीच्या प्रमाणात मर्यादा? दंड तुटीच्या प्रमाणात असतो, म्हणजे खातं जितकं रिकामं तितका जास्त. आणि पैसा जातो बँकेच्या उत्पन्नात. हे उत्पन्न किरकोळही नाही. स्टेट बँकेनं एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत किमान शिल्लक नसल्याबद्दल सुमारे १,७७१ कोटी रुपये गोळा केले. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीतला तिचा निव्वळ नफा सुमारे १,५८१ कोटी होता. मार्च २०२० मध्ये तिनं हा दंड बंद केला. पण संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून साधारण साडेआठ हजार कोटी या एका सदराखाली घेतले. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा वगैरे बँकांनीही तो सोडून दिला. चांगलं झालं. खासगी बँकांचं काय, हे मात्र विचारायला हवं.

माझा एक मामा गिरगावात राहतो. सहकारी बँकेतून निवृत्त झाला. त्याला हे सगळं ऐकवलं तेव्हा दंडाच्या बाबतीत तो लगेच कबूल झाला. “पैसे नाहीत म्हणून पैसे घ्यायचे, हे आम्हालाही कधी पटलं नाही.” पण कर्जावर तो अडला. “अरे, तू सॉफ्टवेअरवाला, तुला बँक म्हणजे सर्व्हर वाटतो. बँक म्हणजे लोकांच्या ठेवी. कर्ज बुडतं ते कुणाचं बुडतं? आपल्या गल्लीतल्या पेन्शनरचं. खात्यात पैसा दिसतोय, समोर थकबाकी दिसतेय, आणि मॅनेजरनं डोळे मिटून घ्यायचे?”

मामाच्या मागे कायदाही आहे. १८७२ च्या करार कायद्याचं १७१ वं कलम बँकांना, आणि त्यांच्याबरोबर अडत्ये, धक्केवाले, हायकोर्टाचे अॅटर्नी अशा मंडळींना, हातात आलेला माल हिशेब चुकता होईपर्यंत धरून ठेवायचा हक्क देतं. बंदरावरच्या व्यापारासाठी केलेलं कलम, यादीवरूनच कळतं. त्याला जोडून आणखी एक तत्त्व आहे: बँकेत पैसा ठेवला की तो बँकेचा होतो, आणि बँक तुमची फक्त देणेकरी होते. तुम्ही ठेवलेली नोट तुमची राहत नाही. मग बँक म्हणते, मी तुझे दीड हजार देणं लागतो, तू माझे पाच हजार देणं लागतेस, वजावट करू. व्यापाऱ्याव्यापाऱ्यांत हे अगदी रास्त आहे.

यात गृहीत धरलेलं आहे की पैशाला नाव नसतं. सगळे रुपये सारखे.

पण घरात असं कधीच नसतं. आमच्या आजीच्या फळीवर डब्यांत पैसे असायचे. तूरडाळीच्या डब्यातले भाड्याचे, पोह्यांच्या डब्यातले गणपतीचे, आणि एका हळदीनं पिवळ्या झालेल्या रुमालातले भिशीचे. गणपतीच्या पैशांतून वाण्याची उधारी दिली तर रक्कम तेवढीच राहते, पण घरात सगळ्यांना कळतं की काहीतरी झालं. समाजशास्त्रज्ञ विवियाना झेलायझर यांनी यावर आख्खं पुस्तक लिहिलंय, की माणसं पैशाला सतत नावं देत असतात. त्यासाठी पुस्तक वाचायची गरज नाही म्हणा, कुठल्याही चाळीतली फळी पुरेल.

आणि कायद्यालाही हे कळतं, जेव्हा त्याला कळून घ्यायचं असतं तेव्हा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम बघा. कोर्टाचा हुकूमनामा हातात असलेल्या सावकारालाही कर्जदाराच्या घरातले नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईनं अंगावरून काढायचे नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त करता येत नाही. मजुराची मजुरी जप्त करता येत नाही. सरकारी निवृत्तिवेतनालाही हे संरक्षण आहे, आणि १८७१ च्या पेन्शन कायद्यापासून आहे. २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर म्हटलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा पैसा बँकेत मुदत ठेवीत टाकला तरी त्याचं हे रूप जात नाही. म्हणजे खात्यात गेल्यावरही पैशाचं नाव टिकू शकतं.

यांपैकी कुठल्याही तरतुदीनं कर्ज माफ होत नाही. मामाला मी हेच सांगितलं. कर्ज जिथल्या तिथे आहे, फेडायचंच आहे. फक्त वसुली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार रुपये, श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये, हे त्या घरातलं स्वयंपाकाचं भांडं आहे. अतिवृष्टीच्या मदतीच्या शासन निर्णयांत बहुतेक वेळा अट असते की ही रक्कम बँकांनी कर्जात वळती करू नये. दर वर्षी नव्यानं लिहावी लागते, आणि दर वर्षी कुठल्या तरी तालुक्यातून खाती ‘होल्ड’ केल्याची तक्रार येते. मंत्र्यानं बजावणं किंवा निर्णयातली एक ओळ हे विनंतीच्या पातळीवर राहतं. रात्री दोन वाजता चालणारा प्रोग्राम शासन निर्णय वाचत नाही.

इथे बँकांकडून एक तांत्रिक सबब येते, आणि ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे मला ती सोडवत नाही. सबब अशी की एकदा पैसा खात्यात मिसळला की कुठला रुपया अनुदानाचा आणि कुठला दुसरा हे सांगता येत नाही. पहिलं म्हणजे, सांगता येतं. हा पैसा आधारच्या वेगळ्या वाटेनं येतो, पासबुकात योजनेचं नाव छापून येतो. यंत्राला तो ओळखू येतो. दुसरं म्हणजे, मिसळलेल्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न इंग्लंडच्या कोर्टांनी वाफेच्या इंजिनांच्या काळात सोडवलाय. १८१६ च्या क्लेटन खटल्यात नियम झाला की आधी आलेला पैसा आधी खर्च झाला असं धरायचं. १८८० मध्ये हॅलेट नावाच्या एका वकिलाचं प्रकरण आलं. त्यानं अशिलाचा पैसा स्वतःच्या खात्यात मिसळला होता आणि त्यातूनच खर्च करत होता. कोर्टानं म्हटलं, असं समजायचं की त्यानं आधी स्वतःचा पैसा खर्च केला, खात्यात उरलेला तो अशिलाचा. दोन्ही नियम प्रोग्राममध्ये दहा-बारा ओळींत बसतात. कुठला निवडायचा हा तांत्रिक निर्णय नाही, आपल्याला कुणाला वाचवायचंय याचा आहे. अमेरिकेत २०११ पासून असा नियम आहे की जप्तीचा आदेश आला की बँकेनं आपण होऊन खात्याचे मागचे दोन महिने तपासायचे, केंद्र सरकारी लाभाच्या जमा नोंदींवर खूण असते ती बघायची, आणि तेवढी रक्कम बाजूला सुरक्षित ठेवायची. ग्राहकानं अर्ज करायचा नाही. मुद्दा सगळा त्या ‘आपण होऊन’मध्ये आहे.

कारण आपल्याकडे घेणं आपोआप होतं आणि परत मिळणं अर्जानं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये एक हिशेब मांडला. शून्य शिल्लक चालणारी जी मूलभूत बचत खाती असतात, त्यांत महिन्याला चारहून अधिक वेळा पैसे काढले की स्टेट बँक प्रत्येक वेळी १७ रुपये ७० पैसे घेत होती. डिजिटल व्यवहार असला तरी. २०१५ ते २०२० मध्ये सुमारे १२ कोटी खात्यांमधून ३०० कोटींच्या वर रक्कम गेली. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानं १ जानेवारी २०२० नंतर डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करायला सांगितलं. ते परत झालं. त्याआधीचं बरंचसं राहिलं. त्या १७ रुपये ७० पैशांची फोड बघण्यासारखी आहे: १५ रुपये शुल्क आणि २ रुपये ७० पैसे जीएसटी. म्हणजे सरकारनं गरिबाच्या खात्यात अनुदान टाकलं, बँकेनं त्यातून शुल्क घेतलं, आणि सरकारनं त्या शुल्कावर कर घेतला.

१७ रुपये ७० पैशांसाठी कुणी बँकिंग लोकपालाकडे जात नाही. जाण्यासाठी खाडा करावा लागतो, आणि खाड्याचे पैसे जास्त असतात. ही रक्कम तक्रार करण्याच्या खर्चाहून लहान आहे म्हणूनच ती सुरक्षितपणे कापता येते. मोठ्या रकमेच्या अफरातफरीला निदान तक्रारदार असतो.

इथपर्यंत माझं मत मला स्पष्ट आहे. पुढचा भाग मला अवघड जातो.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी लाखो खात्यांतून ४३६ आणि २० रुपये जातात. प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा. यांतली काही खाती अशी असतात की ज्यांच्या मालकांना आपण विमा घेतलाय हे माहीत नसतं. शाखांना उद्दिष्टं असतात, फॉर्मच्या गठ्ठ्यात एक फॉर्म आणखी जातो. पण हा विमा खरोखर चांगला आहे. चारशे छत्तीस रुपयांत दोन लाखांचं आयुर्विमा संरक्षण बाजारात कुणी देणार नाही. कमावता माणूस गेला तर त्या घराला त्याचा आधार होतो. मग न विचारता केलेली पण हिताची कपात वाईट म्हणायची का?

मी म्हणतो वाईट, आणि कारण व्यावहारिक आहे. ज्या घराला आपला विमा आहे हे माहीत नाही ते दावा करणार नाही. हप्ता तेवढा जातो. संमती ही इथे शिष्टाचाराची बाब राहत नाही, तिच्याशिवाय ती वस्तूच तुम्हाला मिळत नाही. दीड हजारांतून ४५६ रुपये म्हणजे महिन्याच्या पैशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्यासाठी कुणीतरी बाईसमोर बसून दोन मिनिटं बोलायला हवं.

बरं, तिनं समजून-उमजून संमती दिली असेल तर? दक्षिण आफ्रिकेत नेमका यावरच वाद झाला. तिथे २०१२ पासून सामाजिक अनुदानं वाटायचं कंत्राट कॅश पेमास्टर सर्व्हिसेस या कंपनीकडे होतं. नेट वन नावाच्या उद्योगसमूहाची ही कंपनी, आणि त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपन्या त्याच लोकांना कर्ज, अंत्यविधीचा विमा, मोबाइलचा टॉकटाइम, विजेचं रिचार्ज विकत होत्या. पैसा अनुदानाच्या खात्यातूनच परस्पर वळता व्हायचा. म्हाताऱ्या बायका महिन्याच्या पहिल्या तारखेला रांगेत उभ्या राहून निम्मे पैसे घेऊन घरी जायच्या, आणि ज्यांच्याकडे मोबाइलच नव्हता त्यांच्याही खात्यातून टॉकटाइम गेलेला असायचा. ब्लॅक सॅश या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातल्या जुन्या महिला संघटनेनं ‘आमच्या अनुदानाला हात लावू नका’ अशी मोहीम चालवली. सरकारनं २०१६ मध्ये नियम कडक केले. तेव्हा उद्योगसमूहाचा युक्तिवाद असा होता: पैसा खात्यात आला की तो त्या माणसाचा. त्याचं त्यानं काय करावं हे सांगणारे तुम्ही कोण? गरीब आहे म्हणून त्याला करार करायचं स्वातंत्र्य नाही का?

हा युक्तिवाद मी सहज झटकू शकत नाही. ‘लाभार्थी’ शब्द मला आधीच खटकतो, जणू त्या माणसाला लाभ होतो एवढंच त्याचं काम. त्यात पुन्हा तिच्या सहीला किंमत नाही म्हटलं तर काय उरलं? पण परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं काढलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये एक प्रश्न विचारलाय, आणि तो इथे येऊन उभा राहतो. राज्यानं आर्थिक व्यवहारात हात घालू नये, म्हणजे स्वातंत्र्य टिकतं, असं म्हणतात, ते स्वातंत्र्य कुणाचं? भाडं वाढवणाऱ्याचं, कामाचे तास वाढवणाऱ्याचं. ज्याला उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे त्याची संमती त्याच्या भुकेनं दिलेली असते. १९३६ च्या कायद्यातही शेवटी शेवटी एक कलम आहे: कामगारानं स्वतः करार करून या कायद्यानं दिलेला हक्क सोडला तरी तो करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. त्याच्या सहीचा अपमान त्यात नव्हता. सही कुठल्या परिस्थितीत घेतली जाते हे तेव्हा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

तरी मी पूर्ण बंदीच्या बाजूनं नाही. मावशींच्या बचत गटाचा हप्ता त्या दर महिन्याला स्वतः हातानं नेऊन देतात, एकदाही चुकलेला नाही. उद्या त्यांना वाटलं की तो खात्यातून आपोआप जावा, तर जावा. मला फक्त असं हवंय की ज्या सहजतेनं परवानगी दिली त्याच सहजतेनं ती काढून घेता यावी. अंगठा लावून दिली असेल तर अंगठा लावून, त्याच काउंटरवर, त्याच दिवशी, कारण न सांगता. आणि काढून घेईपर्यंत खात्यात महिन्याच्या अनुदानाचा ठरावीक हिस्सा असा राहावा की ज्याला कुठलीही परवानगी लागू होणार नाही.

मामाला हेही मान्य नाही. तो म्हणाला, “केव्हाही काढून घेता येणाऱ्या परवानगीवर कर्ज कोण देणार? तुझ्या मावशीला उद्या मुलीच्या लग्नाला पन्नास हजार लागले तर ती बँकेकडे येईल, बँक नाही म्हणेल, मग ती जाईल कुणाकडे?” त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत आहे. लालबागच्या मार्केटमागे अजूनही दिवसाला व्याज घेणारे आहेत, आणि मोबाइलवर त्यांच्यापेक्षा वाईट आहेत. हमी म्हणून गहाण टाकता येत नाही असा पैसा कर्ज मिळवायला निरुपयोगी असतो, हे खरंच आहे. मंगळसूत्र जप्त करता येत नाही, पण गहाण टाकता येतं, आणि गल्लीतल्या सोनाराकडे ते कितीदा तरी गेलेलं असतं. मावशींना मी हा पेच समजावून सांगितला, बराच वेळ घेऊन. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, “लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू, बाळा. हे दीड हजार गॅसचे आणि माझ्या गोळ्यांचे आहेत.”